छप्पर नको म्हणणारी देवी

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी घाबरून आमच्या घरमालकीण हौसाकाकू माहेरच्या देवीला नवस बोलून बसल्या: नजर आली तर तुझ्या डोक्यावर छप्पर घालीन. नजर आली. म्हणून मार्गशीर्षातल्या एका रविवारी मी, बायको, काकू आणि गाडीच्या टपावर बांधलेले दोन पत्रे असे हिंजवडीजवळच्या जांब्याहून मुळशीकडे निघालो.

माण-घोटावड्यामार्गे पौड गाठा. हिंजवडीतून लवकर बाहेर पडलात तर तो प्रवास, उशीर झाला तर नुसतं थांबणं. पौडला मिसळ खा, माणशी शंभराच्या आत भागतं. पुढे ताम्हिणीच्या रस्त्यावर पत्रे असे थडथडत होते की पुढच्या गाड्या आपणहून बाजूला होत होत्या. नव्या नजरेच्या काकूंनी वाटभर तपासणी चालवली होती. गाडीच्या काचा, बायकोच्या कुर्त्यावरचा डाग, माझे पांढरे केस, काही सुटलं नाही. धरणाचं पाणी दिसलं तेव्हा मात्र त्यांनी तपासणी सोडून काच खाली केली.

काकूंच्या माहेरच्या गावामागे देवराई आहे. चपला बाहेर काढायच्या आणि आतली वाळकी काडीही बाहेर आणायची नाही. हिरड्या-आंब्यांच्या दाटीत शेंदूर लावलेली एक उघडी शिळा, तीच देवी. तिथले गुरव म्हणजे काकूंचे चुलतभाऊ सोपानतात्या. पत्रे बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"आक्का, हिला छप्पर चालत न्हाई. इसरलीस व्हय?"

काकूंचा चेहरा उतरला. जांब्यात जमिनी विकल्या गेल्या तसा एकेका देवाच्या डोक्यावर स्लॅब आला, भिंतींना टाइल्स लागल्या. ते बघून त्यांना माहेरच्या देवीची दया आली होती. आता नवस फिटायचा कसा? नाही फिटला तर नजर परत जाईल, असं त्या बायकोच्या कानात म्हणाल्या. आम्ही डॉक्टरांचा हवाला दिला, तो त्यांनी ऐकलाही नाही.

तात्यांनी कौल लावला. शिळेच्या ओल्या अंगावर दोन्हीकडे फुलं चिकटवली. उजवं पडलं तर देवीचा होकार. लेकीची चूक पोटात घाल, पत्र्यांऐवजी ती एक झाड जगवील, असं गाऱ्हाणं घातलं. फूल हलेना. माझा कौलावर विश्वास नाही, तरी मी मनातल्या मनात त्या फुलाला ढकलत होतो. अजून किती वेळ लागेल, असं हळूच विचारलं.

"देवीला घाई न्हाई. तुमाला आसंल तर गाडीत बसा," तात्या म्हणाले.

मग तिथेच बसलो. वाट बघता बघता काकूंनी मान वर केली आणि बराच वेळ पानं न्याहाळली.

"तात्या, छप्पर हाय की रं हिला. लई जुनं."

उजवं फूल पडलं. त्या बोलण्याआधी की नंतर, यावर परतीच्या वाटेवर आम्हा नवरा-बायकोचं एकमत झालं नाही. पत्रे तात्यांच्या गोठ्यावर गेले आणि राईच्या कडेला हिरड्याचं रोप लागलं. उन्हाळाभर त्याला पाणी घालायला माझ्याच गाडीतून जायचं, हे काकूंनी मला न विचारता ठरवून टाकलं.

आता त्या रोज सकाळी गच्चीवर उभ्या राहून टॉवरांच्या फटीतल्या आभाळाला हात जोडतात. कुठल्या देवाला, म्हणून मी काल विचारलं.

"जे दिसतंय त्याला," त्या म्हणाल्या, आणि मलाही वर बघायला लावलं.