डोन्या मिलाग्रोसच्या घरी वाल्डॉर्फचे पाहुणे

सकाळचे सात. सांतो दोमिंगोच्या जुन्या शहरातलं एक स्वस्त गेस्टहाउस, आतलं अंगण. आमच्या जावयाने घरमालकिणीकडे कचऱ्यासाठी चार बादल्या मागितल्या.

बातमी एवढीच. पण आमच्या घरात बातमी एवढ्यावर थांबत नाही. जर्मनीत वाल्डॉर्फला माझ्या भाचीकडे शनिवारी चहाला मंडळी जमली की कुणीतरी म्हणतं, "आत्या, ते बादल्यांचं सांगा ना." मग बादल्यांना खिडकी चिकटते, खिडकीला भोंगा, आणि प्रत्येक शनिवारी प्रत्येक जण स्वतःला थोडा अधिक शहाणा करून घेतो. माझं आयुष्य पुण्याच्या एका दैनिकात लोकांची सारवासारव पकडण्यात गेलं. म्हणून किस्से आणखी गुळगुळीत व्हायच्या आत लिहून टाकते आहे.

मंडळी कोण ते आधी सांगते. मानसी माझी भाची. तिचा नवरा शिरीष, सॉफ्टवेअरवाला. त्यांची मुलगी इरा, चौथीत आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. मानसीची धाकटी बहीण केतकी ड्रेस्डेनला पीएचडी करते. तिच्या लॅबमध्ये एक चिलीची मुलगी आहे, तिच्यामुळे हिला स्पॅनिश येतं. आप्पा म्हणजे या दोघींचे वडील, माझा थोरला भाऊ. आणि मी. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही सगळे कॅरिबियनला गेलो. समुद्राकाठची हॉटेलं शिरीषला 'ऑथेंटिक' वाटली नाहीत, म्हणजे महाग वाटली.

घरमालकीण मिलाग्रोस. तिकडे मोठ्या बाईला मानाने डोन्या म्हणतात, म्हणून डोन्या मिलाग्रोस. साठी ओलांडलेली, नवरा गेलेला, मुलगा न्यूयॉर्कला. पहिल्याच संध्याकाळी तिने आम्हाला ताजा रस दिला आणि केतकीमार्फत एक गोष्ट स्वच्छ सांगितली. "मुलगा म्हणतो, घर विक आणि माझ्याकडे ये. मला याच घरात मरायचंय. वेबसाइटवरून पाहुणे येत राहिले की त्याचं तोंड बंद राहतं. म्हणून काही कमीजास्त असलं तर मला सांगा, वेबसाइटवाल्यांना नको."

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. शिरीष तर "गेनाऊ, गेनाऊ" म्हणाला. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ.

*

तर बादल्या. वाल्डॉर्फमध्ये कागद वेगळा, प्लास्टिक वेगळं, ओला वेगळा, उरलेला वेगळा. हे शिरीषच्या आता अंगवळणी नाही, अंगात आलं आहे. डोन्याने कशाला ते न विचारता चार बादल्या आणून दिल्या. त्याने त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. आप्पांनी आंब्याची कोय कागदात टाकली तर सासऱ्यांना उद्देशून "अहो आप्पा, प्लीज" असा आवाज यायचा.

गुरुवारी कचऱ्याची गाडी आली. शिरीष अभिमानाने चारही बादल्या घेऊन दारात उभा. गाडीवरच्या माणसाने त्या एकामागून एक एकाच भोकात उपड्या केल्या आणि रिकाम्या बादल्या त्याच्या हातात दिल्या.

इरा जर्मनमध्ये म्हणाली, "बाबा, त्यांनी सगळं एकत्र केलं."

डोन्या दारातूनच बघत होती. केतकीला म्हणाली, "याला खेळायचंय हे आधी सांगितलं असतं तर रंगीत बादल्या दिल्या असत्या."

*

मानसीची खिडकी. जर्मनीत सकाळी उठल्याबरोबर सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, घरातली हवा बदलायची, मग बंद करायच्या. नाही उघडल्या तर भिंतींना बुरशी येते आणि घरमालकाचं पत्र येतं. मानसी हे इतक्या निष्ठेने करते की आप्पा हिवाळ्यात त्या वेळी कानटोपी घालून बसतात.

सांतो दोमिंगोतही ती पहाटे उठून खिडकीशी गेली आणि बराच वेळ चाचपत राहिली. खिडकीला काच नव्हती. नुसत्या तिरप्या लाकडी पट्ट्या, ज्यांतून हवा, माश्या आणि समोरच्या घरातला रेडिओ असे सगळे आत यायचे.

मानसीने केतकीला विचारायला लावलं, "मग ही बंद कशी करायची?"

डोन्या म्हणाली, "बंद करायची असती तर तिथे भिंत नसती का बांधली?"

मानसी त्यानंतरही रोज सकाळी खिडकीशी जाऊन पाच मिनिटं उभी राहायची. मी विचारलं तर म्हणाली, "सवय गं आत्या. बरं वाटतं."

*

एका सकाळी नळाला पाणी नव्हतं. गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती. डोन्याने प्रत्येकाला एक बादली आणि एक मग दिला आणि माफी मागितली.

शिरीषने बादलीचा फोटो काढला. मी विचारलं, कशाला? "प्रूफ," तो म्हणाला. "शॉवर लिहिलाय वेबसाइटवर. हा मांगेल आहे." मांगेल म्हणजे जर्मनीतल्या भाडेकरूंना सगळ्यात आवडणारा शब्द. घरातला दोष. तो सापडला की माणूस आठवडाभर आनंदात असतो.

हा माणूस सांगलीचा. नोकरी लागेपर्यंत याने शॉवर पाहिला असेल तर प्लंबरच्या दुकानात.

मी तोंड उघडणार एवढ्यात आप्पा अंगाला पंचा गुंडाळून बाहेर आले. चेहरा उजळलेला. वाल्डॉर्फला आल्यापासून पहिल्यांदाच आंघोळ झाल्यासारखी वाटली म्हणाले. मग त्यांची नजर फोटोवर गेली.

"शिरीषराव, लग्नाच्या दिवशी आमच्याकडे तुम्ही अशाच बादलीत आंघोळ केली होतीत," आप्पा म्हणाले. "तेव्हा फोटोग्राफर होता की आपल्याकडे. बोलला असतात तर आत पाठवला असता."

*

रविवार. दुपारी समोरच्या किराणा दुकानाने भोंगा लावला. आता जर्मनीत रविवारी दुपारी ड्रिलने भिंतीला भोक पाडलंत तर शेजारी पोलिसांना फोन करतात. शांततेची वेळ असते, तिला रूहेत्साइट म्हणतात. शिरीष अस्वस्थ झाला. आल्झो, म्हणजे हे बघा, असं कसं चालेल, वगैरे. शेवटी स्पॅनिश येणाऱ्या केतकीला पाठवायचं ठरलं.

केतकी मूळची भिडस्त, त्यात ड्रेस्डेनने तिला आणखी सभ्य केलेलं. ती दुकानदाराला म्हणाली, "आम्ही समोर राहतो. तुमच्या संगीताबद्दल काही करता येईल का?"

दुकानदार फार भला माणूस. त्याला वाटलं, बिचाऱ्या पाहुण्यांना नीट ऐकू येत नसणार. त्याने पोरांना हाक मारली, भोंगा उचलून रस्ता ओलांडला आणि आमच्या दाराशी आणून ठेवला. वर इरासाठी थंड नारळ.

डोन्याने अंगणात इराला नाचायला शिकवलं. मग मानसीला. शिरीष खोलीत कानात बोळे घालून बसला होता. आप्पांनी त्याला बाहेरूनच सांगितलं, "शिरीषराव, या. आता तक्रार करायला अंतर उरलेलं नाही."

*

जुन्या किल्ल्यावर एक गाइड मिळाला. इंग्रजी बोलणारा, पांढऱ्या केसांचा. कुठला गव्हर्नर कधी आला, कुठली तोफ कुठून आणली, सगळं तोंडपाठ. याच बंदरावर आफ्रिकेतून माणसं जहाजात कोंबून आणली, विकली, त्यांच्याकडून या भिंती उभारून घेतल्या, हे त्याने तोफेनंतर आणि स्वच्छतागृहाच्या आधी सांगितलं.

शिरीषने विचारलं, भिंतीची जाडी किती? मानसीने विचारलं, जर्मन ऑडिओ गाइड आहे का?

माझं डोकं फिरलं. मी विचारलं, "याबद्दल शिक्षा कुणाला झाली?"

"कुणाला म्हणजे?"

"ज्यांनी माणसं विकली त्यांना. खटला, चौकशी, काहीतरी?"

शिरीष हळूच म्हणाला, "आत्या, सुट्टीवर आलोय आपण." मी म्हटलं, तू असशील. किल्ल्याच्या तटावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. एका डच कुटुंबाने त्याचे फोटो काढले.

आम्ही दमल्यावर गाइड म्हणाला, "बाई, इतकी वर्षं हे काम करतोय. लोक मला तोफेचं वजन विचारतात. आरोपींची नावं मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मग त्याने मला त्या गव्हर्नरांच्या पुतळ्यांची गल्ली दाखवली.

*

आता आप्पांचा पराक्रम.

न्याहारीला डोन्या मंगू करायची. कच्ची केळी उकडून घोटलेली, वर परतलेला कांदा. आप्पांनी कांदा बाजूला सारून "हे एकादशीला चालेल" असा शेरा दिला होता आणि रोज दोनदा घ्यायचे. सकाळी शिरीषचा टॅब ते पेपर वाचायला घेतात. त्यावर वेबसाइटचा प्रश्न आला: मुक्काम कसा चालला आहे? स्वच्छता, जेवण, मालकांचं वागणं. एक ते दहा गुण द्या. आप्पांनी चष्मा पुसला आणि तिन्ही ठिकाणी मनापासून एक दिला.

थोड्या वेळाने डोन्या अंगणात आली. एका हातात आमच्या ताटल्या, दुसऱ्या हातात फोन. रडत नव्हती. केतकीला एवढंच म्हणाली, "काय चुकलं ते सांगितलं असतं तर मी सुधारलं असतं. मुलाच्या फोनवर पण हे जातं."

टॅबवरून आप्पा सापडले. "अहो, पण एक म्हणजे पहिला नंबर ना?" आप्पा म्हणाले. त्यांचा दोष नव्हता. इराने शाळेचं त्सोयग्निस, म्हणजे प्रगतिपुस्तक, आणलं तेव्हा गणितातला एक बघून आप्पांनी तिला तासभर समजावलं होतं. मग मानसीने उलट त्यांना समजावलं की जर्मनीत एक सर्वांत चांगला आणि सहा म्हणजे नापास. तेव्हापासून आप्पा कडक जर्मन झाले होते.

शिरीषने लगेच तिन्ही ठिकाणी दहा केले. केतकीने डोन्याला सगळी भानगड उलगडून सांगितली. डोन्या हसली, आप्पांना तिसऱ्यांदा मंगू वाढला. मग तिच्या चेहऱ्यावर काळजी आली.

"मागच्या वर्षी हाम्बुर्गचे एक गृहस्थ आले होते," ती म्हणाली. "त्यांनी दहा दिले. त्यांचा फोटो मी देव्हाऱ्याशेजारी लावलाय. काढू का?"

*

शेवटचा किस्सा वाल्डॉर्फचा. हा शनिवारी कुणी सांगायला सांगत नाही.

नोव्हेंबर, दुपारचे चार, मानसीचं स्वयंपाकघर. केतकी ड्रेस्डेनहून आली होती. पुढच्या सुट्टीत कुठे जायचं यावर चर्चा चालली होती आणि कमाल म्हणजे शिरीषच म्हणाला, "डोन्याकडेच जाऊ की. तसं घर परत मिळायचं नाही." निघताना मानसी डोन्याच्या गळ्यात पडून रडली होती. इराला डोन्या अजून फोनवर नाचून दाखवायला लावायची. सगळ्यांना एकदम पटलं.

शिरीषने वेबसाइटवर शोधलं. घर नव्हतं. नाव बदलून शोधलं. नव्हतं.

केतकीने तिला व्हिडिओ कॉल लावला. डोन्या अंगणातच बसली होती. आम्हाला पाहून आनंदली, आधी आप्पांच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग सांगितलं. घराला बाहेर पडायला एकच दार आहे, आग लागली तर पाहुणे निघणार कसे, अशी तक्रार कंपनीकडे गेली होती. कंपनीने घर यादीवरून काढलं. दुसरं दार केल्याचा दाखला द्या, मग परत घेऊ. जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा खात्याकडे ती गेली, तर ते म्हणाले, ही भिंत आमच्या देशापेक्षा जुनी आहे, हिला खिळाही ठोकता येणार नाही. मुलगा न्यूयॉर्कहून आला आहे. घर बघायला लोक येतात. कालही दोघे आले होते, त्यांनी अंगणाची मापं घेतली.

"तक्रार कुणी केली?" मी विचारलं. केतकीने भाषांतर केलं.

"कंपनी नाव सांगत नाही, सेन्योरा. तुम्ही निघालात त्याच दिवशीची आहे. त्या आठवड्यात घरात दुसरं कुणी नव्हतं."

फोन ठेवल्यावर मी एकेकाला विचारलं. माझा धंदाच तो.

शिरीष म्हणाला, "मी तिथे बोललो होतो एकदा, फ्लुख्टवेग, म्हणजे आगीत बाहेर पडायची वाट, दिसत नाही म्हणून. बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं."

मानसी म्हणाली, "मी रडले होते आत्या त्या दिवशी. मी असं करीन?"

केतकी म्हणाली, "मी तर तिच्याशी रोज बोलत होते. मला सांगायचं असतं तर तोंडावर सांगितलं असतं."

आप्पा म्हणाले, "टॅब माझ्या हातून काढून घेतला होता तुम्ही लोकांनी."

इरा सगळ्यांकडे बघत होती. ती जर्मनमध्ये म्हणाली, "पण दार एकच आहे हे खरं आहे ना?"

त्यावर मानसी उठून चहा ठेवायला गेली.

संध्याकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर केतकीने डोन्याचा एक व्हॉइस मेसेज टाकला, खाली मराठीत भाषांतर करून. डोन्या म्हणत होती की ज्याने कुणी लिहिलं त्याच्यावर तिचा राग नाही. माणसाने काळजी करावी. फक्त कंपनीने घराचा नकाशा पाठवायला सांगितला आहे आणि त्यावर नवं दार कुठे होणार ते दाखवायचं आहे. तिला ते कळत नाही. "तुम्ही सगळे शिकलेले आहात, इंजिनिअर आहात," असा तिचा आवाज, मागे कुणाच्या तरी हातातल्या मेजर टेपचा कडकड आवाज. "कुठल्या भिंतीत करू, तेवढं सांगा."

मेसेज सगळ्यांनी ऐकला आहे, निळ्या खुणा दिसतात. उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.