वखारीच्या दारातली झडती

लग्न होऊन भोरला आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी हिरड्याच्या वखारीत कामाला जायला लागले. सत्तर सालाच्या आगेमागेची गोष्ट असेल. यजमान गवंडी. काम मिळेल तिकडे जायचे, बहुतेक वेल्ह्याकडे, आणि पंधरा-पंधरा दिवस घरी यायचे नाहीत. घरात सासू-सासरे आणि मी.

वखारीत डोंगरातल्या गावांचा हिरडा पोत्यांनी यायचा आणि आम्ही बायका खाली बसून तो निवडायचो. मोठा हिरडा कातडं कमावायला जायचा. कोवळेपणीच पाडून वाळवलेला तो बाळहिरडा. तो औषधाला लागायचा म्हणून त्याला भाव चांगला. दिसायला काळ्या मनुकांसारखा, मूठभर ओटीत खोचला तर कुणाला कळणार नाही एवढासा. शेठच्या मनात तेच आलं असावं. पोती वजनाला कमी भरायला लागली तेव्हा त्यांनी मुकादमाला सांगितलं, की संध्याकाळी बायका घरी जाताना दारात झडती घे.

पहिले काही दिवस आम्ही ते हसण्यावारी नेलं. मुकादम म्हणायचा, "झटका पदर," आम्ही झटकायचो. म्हाताऱ्या बायका तर त्याची थट्टा करायच्या. मग तो ओटी स्वतः चाचपायला लागला. म्हाताऱ्यांना नुसत्या मानेनं जा म्हणायचा आणि आम्हा तरण्या बायकांपाशी त्याचा हात रेंगाळायचा. आमचं घर बौद्ध. वखारीतल्या माठाला आमचा हात चालत नव्हता, पाणी वरून ओतून मिळायचं. पण झडतीच्या वेळी मुकादमाला त्यातलं काही आठवत नसे.

हिरड्याच्या धुळीनं लुगडं काळं पडतं, म्हणून आम्ही वखारीत गेल्यावर जुनेर नेसायचो आणि निघताना पुन्हा बदलायचो. त्यासाठी मागच्या कोपऱ्यात गोणपाटाचा आडोसा होता. एका सकाळी गेलो तर आडोसा नव्हता. मुकादम म्हणाला, "माल तिथंच ओटीत जातो. आता माझ्या नजरंखाली बदला." त्या दिवशी आम्ही कुणीच लुगडं बदललं नाही. तशाच काळ्या होऊन घरी गेलो.

माझ्याशेजारी जी निवडायला बसायची तिचं माहेर पासलीचं, म्हणून सगळ्या तिला पासलीचीच म्हणायच्या. दिलेली भोरमध्येच. कुळवाड्याची लेक, बोलायला तिखट. ती मला म्हणाली, "चल, शेठला सांगू."

शेठ गादीवर बसले होते. त्यांनी आमचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं हे खरं. मग म्हणाले, "अगं, माल माझा. चोरी झाली तर मी कुणाला विचारू? दारात काय माझ्या बायकोला उभी करू? ज्यांना चालत नाही त्यांनी येऊ नका. मी काही कुणाला बांधून घातलेलं नाही."

माल त्यांचा होता, हे तर खरंच होतं.

बाहेर आल्यावर पासलीची म्हणाली, "आता पोलिसात जाऊ."

आमच्यात शिवऱ्याच्या एक मावशी होत्या, वयानं सगळ्यांत थोरल्या. त्या घाबरल्याच. "आगं, चोरीचा बोभाटा आदीच हाय. पोलीस आलं म्हंजी चोर कोण ठरणार? मुकादम न्हाई, आपुनच. तुमी जावा, माजं नाव घिऊ नका."

मला मावशींचं पटलं. पासलीचीचंही पटत होतं. घरी येऊन सासऱ्यांना विचारलं. उघड सगळं सांगता येईना, म्हणून आडवळणानं सांगितलं. ते समजले. विडी विझवून म्हणाले, "कायदा आता आपलाबी हाय. जा. पर एकटी जाऊ नगंस." सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "आन् काम गेलं तर?" सासऱ्यांनी विझवलेली विडी पुन्हा पेटवली.

दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून आम्ही दोघी ठाण्यात गेलो. मी सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून बोलायचं मी असं ठरलं होतं. फौजदारसाहेब टेबलाशी बसले होते. बाजूला एक हवालदार, आणि बाकावर कुणी एक माणूस सायकल चोरीला गेली म्हणून आलेला.

"काय, चोरी झालीय?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"मारहाण?"

"नाही."

"मग आलात कशाला?"

घरून निघताना मनात सगळं जुळवलेलं होतं. त्यातलं एवढंच म्हणाले, "मुकादम झडती घेतात."

"वखार शेठची आहे. झडती घेणारच."

तेव्हा पासलीची मधे पडली. "साहेब, हात घालतोय त्यो. आन् लुगडी बदलायचा आडोसाबी काडलाय."

"हात घालतो म्हणजे कुठे?"

सायकलवाला मान वर करून बघायला लागला. आम्ही दोघी खाली बघत राहिलो. साहेबांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी त्या माणसाला आणि हवालदारालाही बाहेर जायला सांगितलं, दार नुसतं लोटून घेतलं, आणि मग आवाज उतरवून एकेक विचारलं. पासलीची सांगत गेली. मी मान हलवत होते. एवढं नीट आमचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, आणि तरी तिथून उठून पळावं असं मला वाटत होतं.

सगळं ऐकून साहेबांनी एक जाड पुस्तक काढलं आणि बराच वेळ चाळलं. मग मिटलं. म्हणाले, "बाईची झडती बाईनंच घ्यायची, अब्रू सांभाळून, असा आम्हाला नियम आहे. पण तो पोलिसांना. शेठला तो लागतो की नाही, ते मलाच नीट सांगता येत नाही. मुकादमावर केस करता येईल. पण मग कोर्टात तुम्हाला हे सगळं पुन्हा बोलावं लागेल, चार वकिलांसमोर. बोलाल?"

पासलीचीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

"घरी विचारून सांगतो," मी म्हणाले.

"विचारा. तोवर मी काहीतरी बंदोबस्त करतो."

बंदोबस्त म्हणजे काय, ते दोन दिवसांनी कळलं. संध्याकाळी सुटायच्या वेळी वखारीच्या दारात तोच हवालदार उभा, आणि त्याच्याशेजारी डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई. ती हवालदाराची बायको होती. ठाण्यात बाई पोलीस कुठून असणार? म्हणून साहेबांनी शेठना सांगितलं होतं, झडती हवी तर बाईकडून घ्या, आणि बाई मिळेपर्यंत हवालदारानं आपल्याच घरची आणली होती. मुकादम लांब कट्ट्यावर बसून होता.

ती बिचारी आमच्यापेक्षा जास्त लाजत होती. सांगलीकडची असावी, बोलण्यात तिकडचा हेल होता. माझ्या ओटीला बोटं टेकवून न टेकवल्यासारखी करून तिनं हळूच विचारलं, "आज काय केलासा जेवायला?" मी म्हटलं, "अजून करायचंय." तिनं मान हलवली आणि मला सोडलं. प्रत्येकीला ती असंच काहीबाही विचारायची. आम्हाला हायसं वाटलं. घरी जाताना पासलीची तर मोठ्यानं हसत होती.

पण वखारीसमोरून बाजाराचा रस्ता जायचा. पोलिसाची टोपी बघून माणसं थांबायला लागली. दोन-तीन दिवसांत गावभर झालं, की वखारीत चोरी सापडली आणि रोज पोलीस बायकांना तपासतात. भाजीवाली मला म्हणाली, "काय गं, तुमच्यात कोन घावली?" मी सांगायला गेले, की झडती आमच्याच तक्रारीवरून बाईकडे दिलीय. ती म्हणाली, "तक्रार तुमी केली, आन् झडतीबी तुमचीच?" तिचं बरोबर होतं, आणि तसं ते नव्हतंही.

शिवऱ्याच्या मावशींनी काम सोडलं. जाताना मला काही टाकून बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "म्या सांगितलं व्हतं."

वेल्ह्याकडे बांधकामावर यजमानांच्या कानावर गेलं, की तुझ्या बायकोची पोलीस झडती घेतात. काम टाकून ते एसटीनं आले. रागानं आले होते, पण माझ्यावर की कुणावर, ते त्यांनाही ठाऊक नसावं. सासऱ्यांनी समजावल्यावर बसले. मग मला म्हणाले, "मला आदी का न्हाई सांगितलंस? मी मुकादमाला बघितला आसता."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"आता लोकास्नी काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"खरं काय, तेच मला नीट कळंना बग," ते म्हणाले. त्यावर मला रागही आला नाही, कारण माझीही गत तीच होती.

कोर्टाचं आम्ही दोघींनी नको म्हणून कळवलं. पासलीचीच्या घरून सक्त मनाई होती, आणि एकटीनं उभं राहायची माझी छाती झाली नाही. मग साहेबांनी आम्हाला पुन्हा ठाण्यात बोलावलं. तिथं मुकादम होता आणि त्याची बायको. तिच्या हातात ताट, ताटात तांदूळ, नारळ, दोन खण. तिला बहुधा काहीच सांगितलेलं नव्हतं. ती एकदा नवऱ्याकडे आणि एकदा आमच्याकडे बघत होती.

साहेब मुकादमाला म्हणाले, "या दोघी आजपासून तुझ्या बहिणी. पुन्हा तक्रार आली तर आत घालीन. वहिनी, भरा ओट्या."

मुकादम खाली बघून "चुकलं" म्हणाला. पासलीचीनं पदर पसरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिला तो मान वाटला, आणि का वाटू नये? फौजदारासमोर त्यानं चूक कबूल केली होती. मग ताट माझ्यासमोर आलं. ज्या ओटीवरून हे सगळं घडलं, तिच्यातच आता तांदूळ घालणार, आणि ते ज्या बाईनं घालायचे तिचा यात काही दोष नाही. शिवाय दीक्षा घेतल्यापासून ओटी भरणं आमच्या घरात बंद होतं. ते तिथं सांगावं, तर साहेबांनी मनापासून जे जमवलं ते मोडणार. मी पदर पुढे केला. मुकादमाची बायको तांदूळ घालताना पुटपुटली, "ह्यांनी काय केलं, बाई?" मी म्हटलं, "काही नाही." दुसरं काय सांगणार होते?

घरी सासरे ओटीकडे बघून म्हणाले, "हे आपुन सोडलंय." सासूबाईंनी माझ्या पदरातला नारळ काढून घेतला. "नारळ कुनी सोडला न्हाई," असं म्हणून त्यांनी तो त्याच दिवशी आमटीत वाटून घातला. खण मी पासलीचीला दिला.

पुढे शेठनी झडतीला एक म्हातारी बाई नेमली आणि मागच्या कोपऱ्यात पत्रा ठोकून दिला. मुकादमाला गावोगाव माल तोलून घ्यायला धाडलं. पुढच्या हंगामात शेठकडून पासलीचीला बोलावणं आलं, मला आलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही. पासलीची सांगायची, की मुकादम माल घेऊन वखारीत आला तर आता तिला ताई म्हणतो, तिच्याशी बोलताना नजर वर करत नाही. ती खोटं बोलणारी नव्हती. म्हणजे साहेबांनी केलं ते बरोबर होतं का? मग माझं काम का गेलं? याचा मेळ मला त्या वर्षी लागला नाही आणि खरं सांगायचं तर आजही पुरता लागलेला नाही.

हवालदाराची बदली झाली, त्या दिवशी त्याची बायको मला एसटी स्टँडवर भेटली. ट्रंकेवर बसून होती. हवालदार तिकिटाच्या खिडकीशी होता. मी विचारलं, "वैनी, तुम्ही दारात रोज काय शोधत होता?"

"मला काय ठावं? ह्यांनी उभी ऱ्हा म्हटलं, मी उभी ऱ्हायले." मग जवळ सरकून म्हणाली, "एक विचारू? तुमी मुकादमापायी ठाण्यात आलासा. आमच्या पोलीस लायनीत कुणी असं वागलं तर मी कुठं जाऊ?"

तिच्याशी कुणी तसं वागलं होतं की नुसतंच विचारत होती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मी विचारणार होते, तेवढ्यात गाडी लागली आणि हवालदार ट्रंक उचलायला आला. तिनं पदर डोक्यावर घेतला. गाडी सुटेपर्यंत मी खिडकीखाली उभी होते. ती आत पलीकडच्या बाजूला बसली होती, दिसली नाही.