इटलीत थांबलेली बस

प्रवासाने माणसाची दृष्टी विशाल होते, असं मी कॉलेजात मुलांना नोकरीभर शिकवलं. पुढे आमच्या मोताळ्यातून दोन माणसं एकदमच इटली पाहून आली. एकाची दृष्टी होती तेवढीच राहिली. दुसऱ्याची विशाल झाली आणि त्याची नोकरी गेली.

पहिले आमचे शेठ. हा दुसरा माझा शेजारी. शेठच्याच ट्रॅव्हल्सच्या बसवर ड्रायव्हर, मोताळा ते पुणे. दुसऱ्याच्या गाडीत बसला की ज्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो, असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. यांचा पाय खुर्चीतही दाबायचा. समोरचा फार बोलायला लागला की जास्तच. आणि भांडण कुणाचंही असो, सल्ला एकच : "पयले साइडले घ्या, मंग बोला." एकदा नळाच्या पाण्यावरून माझं भाडेकरूशी वाजलं. हे कुंपणापलीकडून ओरडले, "सर, पयले साइडले घ्या!" मी खरंच दोन पावलं बाजूला सरकलो. निम्मा राग तिथेच राहिला.

त्या गाडीवर यांचा जोडीदार होता सुपडाभाऊ. पुण्याच्या रस्त्याला एक झोपतो, एक चालवतो, अशी रीत. सुपडाभाऊ गेला त्या आठवड्यात आमचे शेजारी शेठच्या घरच्या लग्नाच्या गाडीवर होते. एकटा सुपडाभाऊ जात होता, येत होता, पुन्हा जात होता. चिखलीच्या अलीकडे गाडी बाभळीवर गेली. प्रवाशांना खरचटलं, तो जागेवर गेला. तेराव्याला शेठ पांढरे कपडे घालून आले आणि म्हणाले, "डुलकी लागली बिचाऱ्याले. नशीब." शेठचं वाक्य म्हणजे गावाचं वाक्य. सुपडाभाऊची बायको आठवडी बाजारात भाजी विकायची. तिच्या पाठीमागे बाया म्हणायच्या, "तो नाही का, डुलकी लागली तो." पाठीमागे म्हणजे तिला ऐकू येईल इतक्याच मागे.

शेठचं कृषी केंद्रही होतं. औषधं खपवली म्हणून कंपनीने त्यांना इटलीच्या सहलीची दोन तिकिटं दिली. शेठाणीबाईंचे गुडघे नुकतेच बदललेले. शेठना शुगर, इंजेक्शन, बॅगा. म्हणून ड्रायव्हरला नेलं. गावभर फ्लेक्स लागले. त्यांत शेठच्या मागे कोपऱ्यात एक कान दिसत होता, तो आमच्या शेजाऱ्यांचा.

परत आल्यावर मी विचारलं, "भाऊ, रोम कसं आहे?"

"पडकं हाय. पन सांभाळलं."

"पिसाचा मनोरा?"

"सर, मले पाहवलाच नाही. पूरा वेळ पाय दाबून दाबून पोटरी दुखली."

"आणि व्हेनिस?"

"पानी होतं." मग एकदम आवाज चढला. "सर, व्हेनिस सोडा. बस थांबली थे ऐका."

त्या दिवशी सकाळी बस रोमहून थेट व्हेनिसकडे निघाली होती. मध्येच ड्रायव्हरने ती एका पेट्रोल पंपावर घेतली आणि इंजिन बंद केलं. तिकडे कायदा आहे. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबायचंच. गाडीतलं यंत्र सगळं टिपून ठेवतं. बसमध्ये सगळे कृषी केंद्रवाले. नावेची वेळ हुकणार म्हणून एकच ओरडा झाला. शेठ नोट घेऊन पुढे गेले. म्हाताऱ्या ड्रायव्हरने नोटेकडे पाहिलं, मग यंत्राकडे बोट दाखवलं आणि थर्मास उघडला.

"आन् कोनी त्याले काई करू शकलं नाही, सर! आमचे शेठ काई करू शकले नाही!"

हे खाली उतरून त्याच्या शेजारी पायरीवर बसले. भाषा नाही. यांनी हवेत स्टेअरिंग धरून दाखवलं. तो हसला, त्यानेही धरलं. यांनी चिवडा दिला, त्याने कॉफी. "कडू जहर होती. पेलो," हे म्हणाले. मग त्यांचे डोळे भरले, पण ते रागाने. "सुपड्याच्या गाडीत असं यंत्र पाह्यजे होतं."

पुढच्या रविवारी मंगल कार्यालयात शेठचा सत्कार. विषय, 'माझी इटली'. अध्यक्ष मी, कारण तालुक्यात अशा वेळी एक वाचणारा माणूस लागतो आणि मी कार्यालयाजवळ राहतो. पडद्यावर फोटो सुरू झाले. हे रोम, हे मी. हा पिसा, हा मी. प्रत्येक फोटोत शेठ होते. इटली उरलेल्या जागेत. पहिल्या रांगेत आमच्या शेजाऱ्यांचा उजवा पाय सतत दाबला जात होता.

"आता सहप्रवासी दोन शब्द बोलतील," निवेदक म्हणाला.

यांनी माइक घेतला. "शेठ, पयले साइडले घ्या." लोक खदखदून हसले. "तुमी सगळं सांगतलं. बस थांबली थे नाही सांगतलं." मग त्यांनी सांगितलं. यंत्र, पाऊण तास, परत आलेली नोट. हसू बंद झालं. "सुपड्याले डुलकी नाही लागली. तीन दिस त्याले निजूच देलं नाही. एक खेप संपली का दुसरी. मी लग्नाच्या गाडीवर होतो, माह्या जागी दुसरा देलाच नाही, मले मालूम हाय. अन् शेठ, तुमालेबी मालूम हाय."

शेठ लाल झाले. "खाली बस बे! इटली दाखवली तुले, त्याचे हे पांग फेडून राह्यला?"

"दाखवली म्हनूनच बोलून राह्यलो."

माइक बंद झाला. माझं अध्यक्षीय भाषण त्यामुळे बिनमाइकचं झालं. सुपडाभाऊच्या जागी तुम्ही असता तर किती रात्री जागला असता, एवढंच मी विचारलं. पुढच्या दोन रांगांनी ते ऐकलं. मागे कचोरी पोचली होती. एका माणसाचं नाव मातीतून उचललं जात होतं आणि गाव चिंचेची चटणी मागत होतं. मला त्या कचोरीचा अजून राग आहे.

दुसऱ्या दिवशी शेठनी त्यांच्याकडून गाडीची किल्ली काढून घेतली. हे निरोप घ्यायला आले तेव्हा मी म्हणालो, "भाऊ, कशाला अंगावर घेतलंत?" तर म्हणाले, "कोनीतरी थांबाले पाह्यजे ना, सर." आता ते दुसरबीडला लेकीकडे असतात. कुंपणापलीकडे नवे लोक आलेत. भांडतात, पण रस्त्याच्या मधोमध.

सुपडाभाऊच्या बायकोकडे मी भाजी घेतो. परवा एक गिऱ्हाईक मेथीची जुडी उलटसुलट करत म्हणालं, "तुमच्याच मालकाले डुलकी लागली होती ना?"

तिने जुडी त्याच्या हातातून काढून घेतली. "नाही लागली. इटलीत जाऊन इचारा."

शेठनी पुण्याची गाडी नव्याने रंगवून घेतली आहे. मागच्या काचेवर एक नाव काढली आहे आणि खाली लिहिलंय, 'व्हेनिस'. आत एसी आहे, पाण्याची बाटली मिळते, मोबाइल चार्जिंगची सोय आहे. ड्रायव्हर एकच आहे.