सहावे काडतूस

नोकरीतल्या पुष्कळ घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक तेवढी वेगळी राहिली, आणि तिचा मला अभिमान नाही.

महाराष्ट्र राज्य नवे होते. मी जळगाव जामोदकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी रानडुकरे ज्वारी लोळवत, म्हणून काही शेतकऱ्यांना बंदुकीचे परवाने होते. एका सकाळी तांब्या घेऊन शेताकडे गेलेला एक मजूर छर्रे लागून ज्वारीत मेला. म्हाताऱ्या आईचा तो एकुलता मुलगा. डुक्कर समजून कोणीतरी बार टाकला आणि माणूस पडलेला पाहून पळ काढला, हे उघड होते. पंचनाम्यात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक रिकामे पितळी काडतूस मिळाले. बुडाच्या खाचेपर्यंत ते लख्ख होते.

तिसऱ्या दिवशी पोलीस पाटलाने खबर दिली, "साहेब, रिकामे काडतुसं घासूनपुसून घरीच भरणारा गावात एकच हाये." त्या शेतकऱ्याला ठाण्यावर आणले. जमादाराने दम दिला, मी उलटसुलट विचारले. त्याचे एकच पालुपद. "माह्याजवळ पाचच काडतुसं, जी. पाचही घरी हायेत. बंदूक दिवाळीपासून खुंटीलेच हाये."

दुसऱ्या दिवशी झडतीला गेलो. पाच काडतुसे खरोखरच डब्यात होती. पंच उठायच्या बेतात होते. त्याची बायको चुलीजवळ उभी होती आणि फळीवरच्या तिच्या घागरी डोळे दिपवत होत्या. माणूस दमाला तोंड मिटतो आणि कौतुकाला उघडतो, हे पोलिसाला कोणी शिकवावे लागत नाही. मी खिशातले काडतूस तिच्यापुढे धरले. म्हटले, "बाई, हे कोणी घासलं? असा हात मी पाहिला नाही."

तिचा चेहरा उजळला. "मीच घासलं जी. चिंच लावायची, मंग राखुंडी. खाचीत काडीनं चिंधी फिरवा लागते." मग तिने ते हातात घेऊन उलटसुलट केले. "पण हे सहावं तुमाले कुठी सापडलं? चार दिसांपासून धुंडून राह्यली मी. सुपात वाळत टाकले होते. 'तुह्याच हातून हरवलं' म्हणून हे मले लय बोलले."

उठू लागलेले पंच पुन्हा खाली बसले. आपण काय बोललो हे तिला कळले नव्हते. मी जबाब टिपून घेतला आणि ठाण्यावर परतलो.

संध्याकाळी कोठडीत त्याला एवढेच सांगितले, "सहावं सापडलं." तो खाली बसला. सगळे कबूल केले. दुसरा बार भरायला बंदूक मधून वाकवून उघडली तेव्हा काडतूस पडले होते, आणि तेवढ्यात कण्हणे ऐकू आले होते. शेवटी म्हणाला, "साहेब, एक करा. तिच्या तोंडून निंघालं, हे तिले कळू देऊ नका."

मी हो म्हणालो. पण पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होते, त्याला नव्हते. बंदुकीचा तपासणी अहवालही ठाम आला नाही. उरली फक्त बायकोची साक्ष. मी तिला समन्स बजावले.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तिच्यापुढे काडतूस धरले गेले तेव्हा तिला सारा उलगडा झाला. ती नवऱ्याकडे पाहत राहिली. त्याने मान हलवली, हो म्हण अशी. "हाव, मीच घासलं," ती म्हणाली. त्याला शिक्षा झाली. मयताची आई माझ्या पाया पडली, आणि तो न्याय खोटा होता असे मी आजही म्हणणार नाही. डुकराऐवजी माणूस मारून, त्याला कण्हत टाकून पळणाऱ्याला मोकळे सोडायला मी खात्यात आलो नव्हतो.

कोर्टाच्या ओट्यावर ती माझी वाट पाहत होती. रडत नव्हती. म्हणाली, "साहेब, दम देऊन इचारलं असतं तरी चाललं असतं. माह्या हाताची तारीफ काऊन केली?"

पुढे नोकरीत मी दम दिला, प्रसंगी खोटेही बोललो, पण कोणाच्या कामाचे कौतुक करून त्याच्याकडून काही काढून घेतले नाही. त्या घरात तिच्या कामाला चांगले म्हणणारा मी बहुधा पहिलाच होतो, आणि ते मी खोटे म्हटले नव्हते. तिचा हात खरोखरच तसा होता.