डोंगराकडच्या दोन खोल्या

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पण ज्योती म्हणाली, "काकू, आईचं तुले जे आठवते ते लिहून ठेव. तिच्यासंग एवढी वर्षं तूच राहिली." म्हणून लिहिते आहे.

ज्योतीची आई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी त्यांना बाई म्हणायचे. त्या गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या पडवीत नऊ पाहुणे जेवत होते. छातीत दुखतं म्हणून बाईंना चार दिवसांपूर्वी नागपूरला नेलं होतं. फोनवर माझे यजमान होते. "वहिनी गेल्या," एवढंच बोलले... मी फोन फळीवर ठेवला. तव्यावर भाकर होती, ती उलटली. पडवीत जाऊन सांगितलं असतं, तर माणसं अर्ध्या ताटावरून उठून उपाशी गेली असती, आणि ते बाईंना चाललं नसतं. सगळ्यांचे हात धुऊन झाल्यावर मी सांगितलं. सुतकात वाढलं म्हणून नंतर मला बोलणी बसली. बसू देत.

आमचं गाव सौंसरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. घरासमोर संत्र्याची बाग, मागे नाला, आणि नाल्यापलीकडे सागाचा डोंगर उभा. आम्ही तो रोज पाहतो, म्हणजे पाहतच नाही. जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन परतणारी एक गाडी एकदा आमच्या दारात पाणी मागायला थांबली. बाग फुलावर होती, वास सगळीकडे भरला होता. ती माणसं पाणी प्यायली आणि डोंगराकडे बघत बसूनच राहिली. बाईंनी त्यांना वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर खाऊ घातली. निघताना त्यांच्यातल्या एकाने पाचशेची नोट पुढे केली. मी लाजेने आत पळाले. बाईंनी ती घेतली.

"बाई, जेवू घालून पैसे घेतले? लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन का पैसे घेतले. नसते घेतले तर म्हनले असते का बायकाइले अक्कल नाही. दोन्हीकडून बोलनारच आहेत, मंग घेतलेले बरे."

त्याच नोटेपासून बाईंच्या डोक्यात पाहुण्यांसाठी खोल्या बांधायचं आलं. घरातल्या पुरुषांनी हसण्यावारी नेलं. तेव्हा बाई मोहगावला माहेरी गेल्या आणि भावाकडून दीड लाख घेऊन आल्या. भाऊंनी ते आपल्या बागेचा माल विकून आलेल्या पैशातून दिले होते. दोन खोल्या आणि संडास-न्हाणी, एवढं बांधायचं होतं. मिस्त्री खिडक्या अंगणाकडे काढत होता. बाई त्याच्याशी दोन दिवस भांडल्या. मिस्त्री म्हणे, "बाई, डोंगराकडून वारा येते, मानसं कुडकुडतीन." बाई म्हणाल्या, "कुडकुडू दे, आमी गोधड्या देऊ. पन सकाळी डोळा उघडला का डोंगरच दिसला पायजे. तुह्या अंगनातल्या म्हशी पाहाले कोन येऊन राहिलं बापा?" खिडक्या डोंगराकडे झाल्या. पावसाळ्यात ढग उतरून नाल्यापर्यंत येतात तेव्हा पाहुणे त्या खिडकीतून हलत नाहीत. बसल्या जागी चहा मागतात.

कामाची वाटणी आपोआप झाली. चूल माझी, तोंड बाईंचं. पाहुणे आले की मी स्वयंपाकघराच्या दाराआड. कोणी भाकरीचं कौतुक केलं तर बाई ओरडायच्या, "पुष्पा, आयकून राहिली का व?" आणि मी आणखीच आत. बाईंना माझ्या लाजण्याचा राग येत नसे, पण त्या ते सोडूनही देत नसत. बाजाराच्या दिवशी मुद्दाम मलाच किराण्याच्या दुकानात पुढे करायच्या आणि स्वतः रस्त्यावर उभ्या राहायच्या.

एकदा बाई लग्नाला पांढुर्ण्याला गेल्या आणि मी एकटी होते. एक म्हातारं जोडपं दोन दिवस राहिलं. त्या आजी चुलीपाशी येऊन बसत, मला पोरी म्हणत. जायच्या वेळी मी त्यांना कुंकू लावलं, ब्लाउजपीस दिला, पदरात संत्री घातली. सवाष्ण घरातून निघाली की आपण करतो तसंच. आता ओटी भरल्यावर तिच्यापुढे हात कसा पसरायचा? आजोबांनी पाकीट काढलं, मी मान हलवली. ते गेले. दोन दिवसांचं राहणं, जेवणं, वरून ब्लाउजपीस... सगळं फुकट!

संध्याकाळी बाईंना सांगितलं तेव्हा मी रडायच्या बेतात होते. बाईंनी कपाळाला हात लावला आणि मग अशा हसायला लागल्या की त्यांना ठसकाच लागला. "धन्य आहेस माय! लेक सासरी धाडली का तू?" हसणं थांबल्यावर मात्र नीट समजावलं. "हे पाय, कुंकू लावनं सोडू नोको. त्याच्यासाठीच तं येतेत लोक. फक्त पैसे आधी घे, कुंकू मंग. पैसे घेतले म्हनून मानूस परका होत नाही."

माहेरची उधारी फेडायला त्या दर दिवाळीला आणि अक्षय्य तृतीयेला स्वतः मोहगावला जात. ज्योतीने एकदा मोबाइलवरून मामाला पैसे पाठवून देते म्हटलं, तर तिच्यावर चिडल्या. फेडता फेडता तीस हजार राहिले होते, तेव्हा त्या वारल्या.

तेराव्याला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर खोल्यांचा विषय निघाला. भासरे, म्हणजे बाईंचे यजमान, म्हणाले, "आता बंदच करा. पाहुन्याइशी बोलन कोन?" सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण मी बोलेन असं कोणाच्या ध्यानातच नव्हतं. मोहगावचे भाऊ म्हणाले, "बंद करा. माह्ये तीस हजार मी सोडले. बहीनच गेली, आता कायचे पैसे?"

भाऊ मायेनेच बोलले. पण मला वाटलं, पैसे सोडले म्हणजे खोल्या बुडाल्या. बाईंनी जे उभं केलं ते बुडीत खात्यात गेलं, आणि पुढे लोक तसंच सांगतील. मी दाराआडून बाहेर आले. म्हणाले, "बंद नाही होनार. मी बोलन पाहुन्याइशी. अन् भाऊ, तुमचे पैसे मी आनून देईन." माझ्या यजमानांनी मला पहिल्यांदा पाहावं तसं पाहिलं.

बोलणं सोपं होतं, पाहुण्यांशी बोलणं अवघड. धंद्याचा फोन बाईंचाच. कोणीही लावला की आधी विचारायचं, "ताई आहेत का?" पहिल्या वेळी मी काही न बोलता फोन ठेवून दिला. दुसऱ्या वेळी रडले. तिसऱ्या वेळी म्हणाले, "त्या वारल्या. मी त्यांची जाऊ बोलते. किती माणसं आहात?" त्या हिवाळ्यात एकही शनिवार खोल्या रिकाम्या राहिल्या नाहीत. एका साहेबाने जेवणाचा भाव कमी करा म्हणून घासाघीस केली, तर मी म्हटलं, "भाऊ, भाव तोच राहील, भाकर पाहिजे तेवढी खा." ते पाच भाकरी खाऊन गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा आले, भावाचं नाव काढलं नाही. आता मला रात्री धास्ती वाटत नाही की उद्या कोणाशी बोलावं लागेल. बोलावं लागतं, मी बोलते.

परवा मी मोहगावला गेले, एकटीच, बसने. भाऊ ओट्यावर बसले होते. मी पाकीट पुढे केलं तर हात मागे घेतला.

"सोडले म्हनलं होतं ना मी."

"तुमी सोडले, आमी नाही सोडले."

"तसं नाही व पुष्पा," भाऊ म्हणाले आणि थांबले. तेराव्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते आत्ता आलं. "दिवाळीले अन् आखाजीले ती हे पैसे घेऊन येत होती. एकदम फेडता आले असते तिले, मले मालूम आहे. थोडे थोडे करून आनत होती... हे घेतले म्हंजे तिचं येनं सरलं ना."

मला हे सुचलंच नव्हतं. ज्योतीवर बाई का चिडल्या, ते त्या ओट्यावर कळलं. मी पाकीट तसंच पुढे धरलं. मग म्हणाले, "भाऊ, बाईंच्या खोल्या चालू आहेत. त्या कमाईचे आहेत हे. घ्या, अन् मोजून घ्या."

भाऊंनी डोळे पुसले, बोटाला थुंकी लावली आणि एकेक नोट मोजली. घाई केली नाही, मीही केली नाही.

"पुरे तीस हजार," ते म्हणाले. "फिटले."