घाणीत ठेवायचं लेकरू

गल्लीतल्या निम्म्या पोरांचे शाळेचे गणवेश शिवणारी मावशी, कुणाचं बोलणं मनाला लावून घेणारी बाई नव्हेच. पण परदेशातून लेकीला आणि नातवाला घेऊन आलेल्या जावयानं चार दिवसांत तिचं डोकं उठवलं. आल्या आल्या स्वारीनं खुर्ची ओल्या कागदानं पुसली, मगच बूड टेकवलं. वर तो काळा झालेला कागद दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला! मग पिण्याच्या पाण्याच्या पिंपात कसलीशी तपासायची काडी बुडवली. तिचा रंग बदलला, तर मेल्याला आनंद केवढा!

“तिकडे नळाला तोंड लावून पाणी प्या, आई. रस्ते म्हणाल तर चाटून घ्यावेत. इथं माणसं राहतात कशी, हेच कळत नाही मला.”

“राहतो आम्ही आपले निर्लज्जासारखे,” मावशी म्हणाली आणि मशीनवर पाय मारत राहिली.

वर्षाचं बाळ खाली चिंध्यांत लोळत होतं. त्यानं दोऱ्याचं रीळ तोंडात घातलं, तसा जावई किंचाळला, “उचला त्याला! जंतू!” लेकीनं मुकाट्यानं उचललं. नवऱ्यापुढे मूग गिळून बसायची ही सवय तिला कधीपासून लागली, देव जाणे.

चौथ्या दिवशी जेवणं झाल्यावर जावई घसा खाकरून म्हणाला, “आई, बाळाला इथंच ठेवावं म्हणतो. तुमच्याकडे. शाळेत जायचं होईपर्यंत.”

मशीनवरचा मावशीचा पाय थांबला. “कुठं म्हणालात?”

“इथं. तिकडे आम्ही दोघंही कामावर. पाळणाघरं आपल्यासारख्यांसाठी नसतात हो. एकच खोली, तीही तळघरात.”

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस नाकानं कांदे सोलले, आणि राहतो कुठं, तर तळघरात!

“अहो जावईबापू, हवा घाण, पाणी घाण, माझी खुर्चीसुद्धा घाण. आणि पोटचा गोळा तेवढा या घाणीत टाकून निघालात? लाज कशी वाटत नाही? एवढंच आहे तर परत या की सगळे!”

“परत? लोक काय म्हणतील?”

शी! त्याच्याशी बोलण्यात अर्थच नव्हता. मावशी लेकीकडे वळली. “अगं, तू तरी राहा. शिवणावर दोघींचं आणि लेकराचं सहज भागेल. यांना जाऊ दे रस्ते चाटायला. असं काय मोठं काम अडलंय तुझं तिकडे?”

लेक खाली मान घालून म्हणाली, “एका घरी दोन मुलं सांभाळते मी, आई.”

“दुसऱ्यांची?”

“हो.” आणि आल्यापासून पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले. “धाकटी तर माझ्याशिवाय घासही घेत नाही गं. एवढे दिवस कसं करत असेल, कोण जाणे.”

मावशी तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग तिनं बाळाला लेकीच्या मांडीवरून उचललं आणि खांद्याशी धरलं.

“जा तुम्ही दोघं. हा राहील माझ्याजवळ.”

लेकीनं सुटल्यासारखा श्वास सोडला. जावयाच्या सगळ्या थेरांपेक्षा त्या एका श्वासाची मावशीला जास्त शिसारी आली.