अक्काच्या फोनवरची टिकली

बिघडलेला फोन घेऊन कुणी आलं की अक्का आधी फोनकडे बघत नसे, आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघे. चांगलं रोखून. समोरचा चुळबुळ करायला लागला की मग हात पुढे करायची आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कोनाच्या हाती दिला व्हता?" 'कुणाच्याच नाही' असं म्हणणारा माणूस तिच्या लेखी तिथेच संपला. "फोन आपसूक काही करत नही," ती म्हणायची. "करतो मानूस, अन् नाव फोनाचं."

अक्का म्हणजे माझी थोरली काकू. सगळं असोदा गाव तिला अक्का म्हणायचं, म्हणून आम्ही घरचेही तेच म्हणत आलो. शाळा सातवीपर्यंतची, बाकी सगळं आयुष्य केळीच्या बागेत. फोनची विद्या तिला कुणी शिकवली नाही, ती तिच्या संशयातून आली. घरातला पहिला स्मार्टफोन मुका झाला तेव्हा आबा, म्हणजे माझे काका, तो घेऊन जळगावच्या दुकानात निघाले होते. दुकानदार आतलं चांगलं सामान काढून घेतो आणि जुनं भरून देतो, अशी अक्काची पक्की खात्री होती. असा एकही दुकानदार तिला भेटलेला नव्हता, त्यामुळे खात्रीला धक्का बसायचा प्रश्नच नव्हता. तिने आबांच्या हातातून फोन काढून घेतला आणि दोन दिवस एकेक सेटिंग उघडून त्याची झाडाझडती घेतली. तिसऱ्या दिवशी तो वाजायला लागला. तेव्हापासून गल्लीतले फोन आमच्या ओट्यावर येऊ लागले.

चार्जिंग होत नाही अशी तक्रार असली की ती आधी तोच चार्जर दुसऱ्या फोनला लावून बघायची, मग दुसरा चार्जर या फोनला. अशी दोघांची समोरासमोर साक्ष झाली की फोन बंद करून उजेडाकडे धरायची आणि केरसुणीच्या बारीक काडीने पिनेच्या भोकातला मळ अलगद बाहेर काढायची. तो मळ कागदावर पसरून तपासणं हा तिचा सगळ्यात आवडता भाग. एकदा आबांच्याच फोनातून तंबाखू निघाली. आबांनी तंबाखू सोडली त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती, निदान घरात तसा समज होता. अक्का भांडली नाही. तिने त्या चिमूटभर तंबाखूची पुडी बांधली आणि आबा जेवायला बसले की ती रोज त्यांच्या ताटाशेजारी ठेवायला लागली. आठ दिवसांत आबांनी तंबाखू खरोखर सोडली.

केळीच्या कापणीत दर वर्षी एक भानगड व्हायची. केळीचा चीक बोटांवर बसला की काळा पडतो आणि आठवडाभर निघत नाही. मग फोन मालकाचा अंगठा ओळखेनासा होतो. एकदा कापणीची सगळी टोळीच आली, आमच्या फोनांचं कुलूप कुणीतरी बदललं म्हणून. पहिला दिवस अक्काचाही संशय बाहेरच्यांवर होता. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना हात पुढे करायला लावले आणि शाळेतल्या मास्तरणीसारखी एकेक बोट बघत गेली. डाव्या हाताची करंगळी सगळ्यांची स्वच्छ निघाली, कारण कापणीत तिला काही कामच नसतं. त्या दिवशी आख्ख्या टोळीच्या फोनांत डाव्या करंगळीची नोंद झाली. अजूनही असोद्याच्या बसमध्ये कुणी डाव्या करंगळीने फोन उघडताना दिसलं की मला कळतं, हा अक्काच्या हाताखालून गेलेला आहे.

तिचा स्वतःचा फोन मात्र कुणाच्या हाती जायचा नाही. त्याच्या पुढच्या कॅमेऱ्यावर तिने मरून रंगाची टिकली चिकटवली होती. घरात कुणाच्या लग्नाचं बोलणं निघालं की फोन आधी दादर ज्वारीच्या कोठीत जायचा, वर झाकण लागायचं, आणि मगच बोलणं सुरू व्हायचं. फोनात तिने एकाही माणसाचं नाव साठवलं नव्हतं. फोन चोरीला गेला तर चोराला आपलं गणगोत कळू नये म्हणून सगळे नंबर तिने पाठ केले होते. पाठ नसलेला नंबर आला की ती फक्त ऐकायची. "गोड बोलनारा अन् न बोलनारा, दोघं सारखेच," असं म्हणून तो नंबर ब्लॉक करायची. हा नियम तिने साऱ्या गल्लीला शिकवला होता. या नियमामुळे दोन-तीन घरं फसवणुकीतून वाचली, हे मी कबूल करतो.

अक्काचं माहेर पाचोऱ्याकडचं. तिथे तिचा एकुलता भाऊ, नाना, कापसाची शेती करायचा. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, आणि न्यायला माहेरचा मुऱ्हाळी येतो. नाना दर वर्षी स्वतः मुऱ्हाळी म्हणून यायचा, साठी उलटली तरी. एका आखाजीला तिथे बायका जमलेल्या असताना अक्काने पिशवीतून फोन काढला तर तो बंद. नानाच्या घरात नवी सून आलेली होती. अक्काने चारचौघींत तिच्या तोंडाकडे रोखून पाहिलं आणि तिचा तो ठरलेला प्रश्न विचारला, फक्त थोडा बदलून, "तू हात लावला व्हता का?" ती पोर रडत आत गेली. नाना काहीतरी बोलला, अक्का त्याहून जास्त बोलली, आणि मांडे न खाताच असोद्याला परत आली. घरी चार्जरला लावल्यावर फोन निमूट सुरू झाला. बॅटरी उतरली होती, एवढंच.

त्यानंतर नानाचा फोन आला नाही. राखीच्या आधी अक्काने त्याचा पाठ असलेला नंबर लावून बघितला तर हा नंबर बंद आहे असं एक बाई सांगायची. अक्काचा त्या बाईवर विश्वास नव्हता. नानाने आपल्यासाठीच फोन बंद ठेवला असं तिने मनाशी ठरवलं आणि घरातल्या कुणीही पाचोऱ्याला फोन करायचा नाही, अशी तंबी दिली. आबा एकदा म्हणाले, चल, मी घेऊन जातो. तर मुऱ्हाळी आल्याशिवाय मी जाणार नाही, म्हणाली. पुढची आखाजी आली. गल्लीतल्या लेकी आल्या, लिंबाला झोका बांधला गेला, आणि अक्का दिवसभर ओट्यावर बसून त्या लेकींचे फोन दुरुस्त करत राहिली. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की मान वर करायची आणि पुन्हा खाली घालायची. मला तिची फार दया आली आणि तितकाच तिचा रागही आला. पण त्या घरात दोन्ही गोष्टी बोलून दाखवायची सोय नव्हती.

त्याच पावसाळ्यात जळगावला तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर हिरवं फडकं, दुसऱ्यातला मोतीबिंदू अजून तसाच, त्यामुळे तिला फोनवरचं अक्षर दिसेना. तपासणीची वेळ दवाखान्यातून फोन करून कळवणार होते, आणि चार दिवस झाले तरी फोन नव्हता. आपली वेळ दुसऱ्या कुणाला दिली, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, "अक्का, फोन कोणाच्या हाती दिला होता?"

"कोनाच्याच नही," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिच्याच ध्यानात आलं. मग डावी करंगळी टेकवून तिने फोन उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात दिला.

मी सरळ ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी उघडली. नऊ नंबर होते. एकेकाचे शेवटचे आकडे मी वाचत गेलो आणि ती एकेकाचा गुन्हा सांगत गेली. हा वीज कापू म्हणून धमकावणारा, ही लॉटरीवाली. तिसरा नंबर दवाखान्याचा निघाला, तिथली मुलगी फार गोड बोलली होती. सहाव्याला ती म्हणाली, "तो बोलतच नव्हता. नुसता श्वास ऐकू ये. दोनदा आला, मंग मी बंद केला."

मी सांगितलं की हा त्यानंतरही बऱ्याच वेळा आलाय, फोनने परस्पर अडवलाय. तिने तारखा विचारल्या. मी तारखा वाचायला लागलो. पंचांग तिला तोंडपाठ. पहिली तारीख ऐकून म्हणाली, ही राखी. दुसऱ्या तारखेला म्हणाली, हा पोळा. तिसरी भाऊबीज होती. शेवटच्या तारखेला सकाळपासून तीन वेळा फोन आला होता, आणि ती तारीख तिने मला दोनदा वाचायला लावली. ती कोणती तारीख ते मलाही ठाऊक होतं. त्या दिवशी ती ओट्यावर बसलेली मी पाहिली होती.

"चोराले आखाजी कायले आठवीन, बापू?" ती म्हणाली. मग म्हणाली, "लाव."

मी नंबर लावून फोन तिच्या कानाशी दिला. पलीकडून उचलल्याचं मला कळलं, पण आवाज काही येईना. नुसती खरखर आणि श्वास. सवयीने अक्काचा अंगठा फोन बंद करायला वर आला आणि तसाच थांबला. मग ती माहेरच्या बोलीत बोलली. त्या बोलीत तिला बोलताना मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

"नाना, तुना फोनना खालना भोकमा कापूस अडकेल शे. केरसुणीनी काडी लीसन हळूच काढ. मी फोन ठेवाव नही."

आम्ही थांबलो. आबा अंगणातून आत येऊन दारातच उभे राहिले. अक्का फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून बसली होती आणि हिरव्या फडक्याखालून पाणी गळत होतं. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हटलं होतं, पण सांगणार कोण. बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला, "अक्का." एवढंच.

पुढे सगळा उलगडा झाला. फवारणी करताना नानाचा जुना फोन पंपाच्या टाकीत पडला होता आणि सिमसकट त्याचा जुना नंबरही गेला. नव्याचा खालचा माइक कापसाच्या तंतूंनी बुजला, पण स्पीकर लावला की आवाज जायचा, म्हणून त्या घरात सगळे स्पीकरवरच बोलायचे. रुसलेल्या बहिणीशी मात्र चारचौघांत बोलायचं कसं, म्हणून नाना दर सणाला फोन घेऊन शेतात जायचा आणि स्पीकर न लावता कानाला लावून बोलायचा.

त्यानंतर एकच आखाजी अक्काच्या वाट्याला आली. नाना मुऱ्हाळी म्हणून आला, मी गाडी काढली आणि दोघांना पाचोऱ्याकडे घेऊन गेलो. घर बायकांनी भरलेलं होतं. नानाची सून पाणी घेऊन आली आणि जरा लांबच उभी राहिली. अक्का पाणी प्यायली, मग तिने पिशवीतून टिकली लावलेला फोन काढला आणि सगळ्यांच्या देखत तिच्या हातात दिला.

"बॅटरी उतरेल शे," ती म्हणाली. "चार्जिंगले लाव, माय."

सून फोन घेऊन आत गेली. तो बराच वेळ आत होता. अक्का पानावर बसली, पोटभर मांडे जेवली, आणि तो कुठे लावलाय ते बघायला एकदाही उठली नाही.